'मिस' या इंग्रजी क्रियापदाचा विरुद्धार्थी शब्द कसा शिकवावा? सल्ला हवा आहे

रानजाई:
नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. गेल्या चाचणीत 'मिस'चा विरुद्धार्थी शब्द विचारला होता आणि नमुना उत्तर 'हिट' एवढेच होते. एका मुलीने 'कॅच' लिहिले, म्हणून मी तिचा गुण कापला. "बाई, गाडी मिस झाली नाही, म्हणजे ती कॅचच केली ना?" असे तिने विचारले, तेव्हा तिचे म्हणणे मला पटले आणि मी गुण परत दिला. हा शब्द वर्गात कसा मांडावा आणि त्यासाठी कोणता कोश वापरावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी दौत:
गुण परत दिलात, हे फार चांगले केलेत. माझा सल्ला असा, की मुलांना आधी त्या वाक्यातले मराठी क्रियापद शोधायला सांगावे, कारण आपल्याकडे गाडी चुकते, नेम हुकतो, तास बुडतो, संधीला माणूस मुकतो आणि शुद्धलेखनाची चूक नजरेतून सुटते, तर इंग्रजीत या सर्वांसाठी 'मिस' चालतो. मराठी क्रियापद सापडले की विरुद्धार्थी शब्द आपोआप वेगळे होतात: गाडीसाठी 'कॅच', नेमासाठी 'हिट', तासासाठी 'अटेंड', संधीसाठी 'सीझ', नजरेसाठी 'नोटिस'. घसरलेली मोटार झाडाला थोडक्यात चुकवून गेली, तरी तिथेही 'मिस' आणि 'हिट' हीच जोडी लागते. मात्र नेमबाजाला जे दुःखाचे, तेच मोटारीतल्या माणसांना सुखाचे असते, हेही मुलांना जरूर दाखवावे.

आठवण येण्याच्या अर्थी असलेला 'मिस' मात्र चाचणीत विचारू नये. मुले तिथे 'फर्गेट' लिहितील, पण तो 'रिमेंबर'चा विरुद्धार्थी आहे. एखादा माणूस आपल्याला नीट आठवत असूनही त्याची उणीव मुळीच भासत नाही, असे होऊ शकते. या अर्थाला इंग्रजीत सरळ उलटा असा एकच शब्द मला तरी माहीत नाही.

कोरा कागद:
कोशाबद्दल लिहितो. रॉजे यांचा १८५२ साली प्रथम प्रसिद्ध झालेला थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाचे इंग्रजी शब्द एकत्र देणारा कोश, कल्पनांनुसार रचलेला आहे आणि त्यात परस्परविरोधी कल्पना शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. शिक्षकाने तो जवळ ठेवावा, आठवीच्या मुलांना तो जड जाईल. प्रिन्स्टन विद्यापीठाचे वर्डनेट, म्हणजे शब्दांचे परस्परसंबंध दाखवणारा इंग्रजी संगणकीय कोश, महाजालावर विनामूल्य पाहता येते. त्यात शब्दाचा प्रत्येक अर्थ वेगळा नोंदवलेला असतो आणि विरुद्धार्थी शब्द त्या त्या अर्थाला जोडलेला असतो, त्यामुळे 'मिस'च्या एका अर्थापाशी 'हिट' दिसतो, तर दुसऱ्यापाशी 'अटेंड'. आयआयटी मुंबईने मराठीसाठीही वर्डनेट तयार केले आहे.

रानजाई:
दोघांचेही मनापासून आभार. यापुढे सुटा शब्द न देता पूर्ण वाक्य देऊन त्यातल्या शब्दाचा विरुद्धार्थी विचारीन. पहिले वाक्य त्या मुलीच्या गाडीचेच घेणार आहे.