कामगारांना पिळणाऱ्या कंपन्यांकडून खरेदी करावी का?

पिंगळा

एखादी कंपनी कामगारांना पिळते हे आपल्याला पक्कं माहीत आहे. पाळी संपली तरी सोडत नाहीत, ओव्हरटाइमचे पैसे बुडवतात, युनियनचं नाव काढलं की माणूस घरी. तरीही माल तिथूनच घ्यायचा का? माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते विचार करून दिलेलं आहे.

वस्तू स्वस्त कशी पडते ते एकदा बघा. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि किमान ११३४ माणसं मेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र पगार कापायचा धाक दाखवून आत पाठवलं, कारण ऑर्डर वेळेत जायला हवी होती. ती ऑर्डर शेवटी कोणासाठी होती? तुमच्या-माझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठीच.

'तुझ्या एकटीच्या न घेण्यानं काय होणार?' हे मला नेहमी ऐकवलं जातं. चोरीचा माल आहे हे कळल्यावर आपण तो घेत नाही. 'मी न घेतल्यानं चोर थोडाच सुधारणार' असा हिशोब तिथे कोणी मांडत नाही. बुडवलेली मजुरी ही चोरीच आहे.

आणि परिणाम होतोही. १७९१ पासून ब्रिटनमध्ये गुलामांच्या श्रमावर पिकलेली साखर घरोघर बंद झाली. गुलामगिरीविरुद्ध लढणारे थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजानं सुमारे ३ लाख लोकांनी ती सोडली. ज्या बायकांना मताचा हक्क नव्हता, त्यांनी ही चळवळ स्वयंपाकघरातून चालवली.

आडवा छेद

साखरेचं काढलंत तर पुढचंही सांगा. गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा १८०७ चा. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ चा, म्हणजे बहिष्कारानंतर ४२ वर्षांनी. मधल्या काळात हैतीतल्या गुलामांनी उठाव करून स्वतःचं राष्ट्र उभं केलं, १८३१ मध्ये जमैकातले गुलाम उठले. याचं श्रेय चहात साखर न घालणाऱ्यांना देऊन टाकायचं?

माझा खरा आक्षेप निराळा आहे. उदाहरण बांगलादेशचंच घ्या. १९९२ साली अमेरिकेत सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांकडून बनवून घेतलेल्या मालाची आयात बंद करणारं विधेयक मांडलं. ते मंजूर झालंच नाही. पण नुसत्या धास्तीनं तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांनी मुलं काढून टाकली, युनिसेफच्या १९९७ च्या अहवालानुसार सुमारे ५० हजार. ती शाळेत गेली असतील असं वाटेल. नंतर शोध घेतला तेव्हा काही खडी फोडताना सापडली, काही रस्त्यावर, काही वेश्याव्यवसायात. मग १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि युनिसेफ यांनी करार केला: आधी शाळा आणि भत्ता, मग कामावरून काढणं. जे पहिल्यांदा करायचं ते शेवटी केलं.

दूर बसलेल्याच्या सद्भावनेचं बिल हे असं भलत्याच्याच नावावर फाडलं जातं.

सुतावरून स्वर्ग

म्हणजे कामगारांचं भलं व्हावं म्हणून त्यांना पिळणाऱ्याकडूनच भरपूर खरेदी करायची. पुण्याचा इतका सोपा मार्ग आधी कोणी कसा सांगितला नाही!

आडवा छेद

टोमणा छान आहे. ५० हजार मुलांचं काय ते सांगा.

तळटीप

दोघांनाही एक अडचण आहे. चांगली कंपनी कोणती आणि वाईट कोणती हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? लेबल बघून? ११ सप्टेंबर २०१२ ला कराचीत अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. खिडक्यांना लोखंडी गज होते, बाहेर पडायचे बरेच मार्ग बंद होते. याच कारखान्याला आगीच्या काही आठवडे आधी एसए ८००० हे कामगारांच्या सुरक्षिततेचं आणि हक्कांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. प्रमाणपत्रासाठीची तपासणी बहुतेक वेळा त्या कारखान्याच्या किंवा ब्रँडच्याच पैशानं होते. मग ती कोणाला दुखवणार?

'मी फक्त चांगल्यांकडूनच घेतो' असं म्हणणाऱ्यांचं मला म्हणूनच हसू येतं. जिची जाहिरात चांगली त्या कंपनीकडून ते घेत असतात, एवढंच.

रात्रपाळी

इतका वेळ तुम्ही माझ्याबद्दलच बोलताय म्हणून लिहितो. मी एका मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या गोदामात माल काढायचं काम करतो. नाव सांगणार नाही, नोकरी टिकवायची आहे.

हातात स्कॅनर असतो आणि तासाचं टार्गेट असतं. दोन स्कॅनच्या मध्ये जास्त वेळ गेला की सुपरवायझर येऊन विचारतो, कुठे होतास. पाणी प्यायला गेलो तर तेही धरतात, लघवीला गेलो तर तेही. सेलच्या दिवसांत टार्गेट वाढतं, माणसं तेवढी वाढत नाहीत. हे सगळं खरं आहे, तुम्ही वाचता त्यात काही वाढवून सांगितलेलं नाही.

पण तुम्ही खरेदी बंद केलीत तर काय होतं तेही सांगतो. आमच्यातले पुष्कळ जण एजन्सीकडून येतात. ऑर्डरी कमी झाल्या की रात्री मेसेज येतो, उद्यापासून येऊ नका. नोटीस नाही, भरपाई नाही. तुमची ऑर्डर कमी झाल्याचं मालकाला कळायच्या आत ते मला कळतं. म्हणून पिंगळाताई, राग मानू नका, तुमच्या मनाला आलं तेव्हा एकटीनं बंद करू नका. आम्ही संपाची हाक देऊ त्या दिवशी करा. तेव्हा ट्रक रिकामे गेले पाहिजेत, कारण तेव्हा मालकाला ते कशामुळे झालं हे माहीत असतं.

आणि रोज करता येईल असं एक. 'उद्याच पाहिजे' हा पर्याय गरज नसताना निवडू नका. मोज्यांची जोडी चार दिवसांनी आली म्हणून कोणाचं काही अडत नाही. आमची रात्र मात्र त्या 'उद्याच'वर चालते.

पिंगळा

राग कशाला मानू, इथे स्वतःच्या अनुभवातून बोलणारे तुम्हीच आहात. पण हाक द्यायला संघटना लागते, आणि ती होऊच नये यासाठी कंपन्या पाण्यासारखा पैसा ओततात. जिथे तोंड उघडलं की नोकरी जाते, तिथे हाक येणार कुठून? तोवर आम्ही 'कामगारांनी सांगितलं नाही' म्हणत निवांत खरेदी करत राहायचं? कामगार गप्प आहेत म्हणजे त्यांचं चांगलं चाललंय, हे तर मालकही म्हणतो.

तळटीप

याला उत्तर आहे, आणि ते मला या वादातलं सगळ्यात कामाचं वाटतं. अमेरिकेत १९३५ च्या कामगार कायद्यानं संघटनेचा हक्क दिला, त्यातून शेतमजुरांना वगळलं. कायद्यानं दिलेला हक्क नाही आणि हातावर पोट. तरी फ्लोरिडात इमोकली या गावच्या टोमॅटो खुडणाऱ्या मजुरांनी संघटना बांधली. शेतमालकाशी भांडून काही हाती लागेना, कारण दर तो ठरवतच नव्हता. ठरवत होत्या त्याच्याकडून घाऊक माल उचलणाऱ्या मोठ्या कंपन्या. म्हणून २००१ मध्ये त्यांनी त्यातल्या टाको बेल या फास्ट फूड कंपनीवर बहिष्काराची हाक दिली. मुख्य मागणी होती एका पाउंड (सुमारे अर्धा किलो) टोमॅटोमागे एक सेंट जास्त, आणि तो थेट मजुराच्या हातात. विद्यार्थी त्यांच्या बाजूनं उतरले, काही विद्यापीठांच्या आवारातून टाको बेलला बाहेर पडावं लागलं. मार्च २००५ मध्ये कंपनीनं मान्य केलं आणि त्याच दिवशी बहिष्कार उठला. २००७ मध्ये मॅकडोनाल्ड्सनं तसाच करार केला. पुढे यातूनच अशी व्यवस्था बसली की जो शेतमालक मजुरांशी ठरलेले नियम मोडेल त्याचा माल या कंपन्या घेणार नाहीत.

कोणावर, कशासाठी आणि केव्हा थांबायचं हे तिन्ही मजुरांनी ठरवलं. गिऱ्हाइकांनी फक्त साथ दिली.

याच वगळण्याची एक गंमतही आहे. दुसऱ्यांच्या दुकानांसमोर उभं राहून 'हा माल घेऊ नका' सांगायला इतर युनियन्सना कायद्यानं आडकाठी होती. शेतमजूर त्या कायद्याबाहेर, म्हणून त्यांना ती नव्हती. १९६५ ते १९७० या काळात कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमजुरांनी याचा पुरेपूर फायदा घेतला आणि करार मिळवले.

आडवा छेद

इमोकलीला माझा विरोध नाहीच, तो मजुरांचा लढा होता. माझा विरोध स्वयंघोषित बहिष्काराला आहे. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बांगलादेशातल्या ताझरीन या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली, तिथे डिस्नेचा माल सापडला. डिस्नेनं काय केलं? पुढच्या वर्षी बांगलादेशातून काम काढून घ्यायचं ठरवलं. नाव स्वच्छ राहिलं, कारखाने होते तसेच. राणा प्लाझानंतर तिथल्या कामगार नेत्या कल्पना अख्तर, ज्या स्वतः लहानपणी शिलाई कारखान्यात राबल्या होत्या, जगाला सांगत होत्या की बहिष्कार टाकू नका, ब्रँडना जबाबदार धरा. सुधारणा झाली ती ब्रँड आणि युनियन यांच्यातल्या कारखाना-सुरक्षिततेच्या 'अकॉर्ड' या करारामुळे. दोनशेहून जास्त ब्रँड, सुमारे १६०० कारखाने, स्वतंत्र इंजिनिअर, आणि करार कायद्यानं बंधनकारक. दोन ब्रँडना युनियननी त्याच कराराखाली हेगच्या लवादापुढे खेचलं. गिऱ्हाइकानं खरेदी थांबवून हे घडलेलं नाही.

पिंगळा

तो करार आधीच तयार होता, हे नाही सांगितलंत. राणा प्लाझाच्या आधी तशाच मसुद्यावर फक्त पीव्हीएच आणि चिबो या दोनच कंपन्यांनी सही केली होती. मे २०१३ मध्ये काही आठवड्यांत डझनावारी सह्या कशा झाल्या? अचानक कणव आली? गिऱ्हाईक हातातून जाईल ही भीती होती ती. नायकेचंही तेच. आमचं नाव म्हणजे गुलामीचं वेतन, सक्तीचा ओव्हरटाइम आणि मनमानी छळ असं झालंय, हे नायकेचे प्रमुख फिल नाइट यांनी मे १९९८ मध्ये स्वतः जाहीरपणे म्हटलं, आणि मग किमान वय वाढवलं, कारखान्यांतल्या हवेचे निकष कडक केले. आधीची काही वर्षं 'कारखाने आमचे नाहीत' म्हणत होते. 'बहिष्कार टाकू नका' हे ब्रँडनी ऐकावं म्हणून तरी कोणीतरी तो टाकण्याच्या बेतात असावा लागतो ना?

सुतावरून स्वर्ग

हे सगळं परवडणाऱ्यांचं बोलणं आहे. ज्याचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही, तो सगळ्यात स्वस्त मिळेल तेच घेणार. त्याला कोणी नीतीचे धडे देऊ नका.

रात्रपाळी

बरोबर आहे. मी स्वतः आमच्याच कंपनीकडून मागवतो. स्वस्त पडतं.

पिंगळा

ज्यांना परवडत नाही त्यांना मी विचारतच नाहीये. परवडत असून जे 'माझ्या एकट्यानं काय होणार' म्हणतात, त्यांना विचारतेय. रात्रपाळी, एक सांगा. तुमचा संप असला तर आम्हाला कळणार कसं? कंपनी तर सांगणार नाही.

रात्रपाळी

नाहीच सांगणार. 'काही कारणानं उशीर होत आहे' एवढाच मेसेज येईल. युनियनच्या पानावर लक्ष ठेवा, तारीख तिथे आधी पडते. आणि मधल्या काळात कस्टमर केअरला लेखी विचारा की कंत्राटी माणसं किती आणि तासाचं टार्गेट किती. उत्तर येणार नाही, पण विचारणारे वाढले की वर कोणाला तरी कळतं. फक्त फोनवरच्या पोरीवर ओरडू नका, तिलाही टार्गेट आहे.

सुतावरून स्वर्ग

विचारलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' लगेच आलं उत्तर, प्रश्न वाचायलाही त्याहून जास्त वेळ लागला असता.

आडवा छेद

ते मशीनचं उत्तर. माल परत करताना कारण लिहायची जागा असते, तिथे लिहा. ते तरी माणूस वाचत असेल.

रात्रपाळी

परत नका हो करू. आलेला माल तपासून परत फळीवर लावायचं काम आमच्याकडेच येतं, आणि त्याचं टार्गेट वेगळं असतं.