‘सारंग’ म्हणजे नक्की कोणतं हरीण?

प्रश्न : एका लेखात ‘सांबर, चितळ, भेकर हे सारंग; तर काळवीट, चिंकारा, नीलगाय हे कुरंग’ असं वाचलं. मी आजवर दोन्ही शब्द हरणाचेच समजत होतो. फरक काय?

उत्तर : फरक शिंगांचा. सांबराच्या नराची शिंगं भरीव हाडाची असतात, त्यांना फाटे फुटतात आणि साधारण दरवर्षी ती मुळापासून गळतात. नवी येताना त्यांच्यावर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते, तिच्यातून रक्त खेळतं. वाढ पुरी झाली की कातडी वाळते आणि नर झाडांवर शिंगं घासून ती सोलून काढतो. सांबरांच्या जंगलात अशी साल निघालेली खोडं पाहायला मिळतात.

काळविटाचं शिंग म्हणजे आत हाडाचा खुंट आणि वर नखांच्याच द्रव्याचं आवरण. त्याला पीळ पडतो, फाटा फुटत नाही आणि ते गळतही नाही. मराठीत दोन्ही ‘शिंगं’च, त्यामुळे वेगळेपण प्राण्याच्या नावात आणावं लागलं. ही सोय मला फार आवडते आणि लिहिताना मी ती पाळतो. मात्र सारंगाचा अर्थ ‘शिंगाळ हरीण’ एवढाच देऊ नये. सांबराच्या मादीला शिंगं नसतात, तरी तीही सारंगच.

हा भेद संस्कृतात शोधायला गेलात तर फसाल. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश म्हणतो, ‘चातके हरिणे पुंसि सारङ्गः शबले त्रिषु’. म्हणजे चातक, हरीण, आणि विशेषण म्हणून आला तर चित्रविचित्र रंगाचा. शिंगांचं नावही नाही. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार म्हणतो, वेगवान सारंगाने दुष्यंताला ओढून न्यावं तसं नटीच्या गाण्याने मला नेलं. लगेच पुढे राजाचा सारथी त्याच प्राण्याला ‘कृष्णसार’ म्हणतो. कृष्णसार म्हणजे काळवीट, आजच्या वाटणीतला चक्क कुरंग! तेव्हा जुन्या श्लोकाचा अर्थ लावताना ‘हरीण’ म्हणावं, आणि प्राण्यांची ओळख करून देताना सारंग-कुरंग काटेकोर वापरावं.

प्रश्न : मग बारशिंगा आणि चौशिंगा दोन्ही सारंगच ना? नावं तर जुळी भावंडांसारखी आहेत.

उत्तर : नाही, नावावर जाऊ नका. कान्हाच्या गवताळ मैदानातला बारशिंगा सारंग. त्याच्या शिंगांच्या टोकांवरून ते नाव पडलं. टोकं बाराच असतात असं नाही, दहा किंवा चौदाही असतात. चौशिंगा कुरंग. त्याला खरोखरच चार वेगवेगळी शिंगं असतात, दोन कपाळावर आणि दोन त्यांच्या मागे, आणि ती गळत नाहीत. राहिली पिसोरी, म्हणजे हरणासारखा दिसणारा तो चिमुकला प्राणी. तिला शिंगंच नसतात आणि तिचं कुळही वेगळं, म्हणून तिला सारंग किंवा कुरंग काहीच म्हणू नये.