परसातला स्विमिंग पूल अर्ध्यात अडकलाय, कॉन्ट्रॅक्टरशी कसं निभावावं? (सल्ला हवा आहे)

परसातली_चिमणी

नमस्कार मंडळी. लिहायला बसले तर कादंबरी होईल, म्हणून मुद्द्याचंच सांगते.

घराच्या मागच्या अंगणात ८ मीटर बाय ४ मीटरचा आरसीसी (आत सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) पूल बांधतोय. खोली सरासरी १.४ मीटर. काम चार महिन्यांत संपायचं होतं, आज नववा महिना चालू आहे. भिंती आणि तळ ओतून झाले, पाइप टाकून खंदक बुजवले, आणि मग कॉन्ट्रॅक्टर सात आठवडे गायब. फोन उचलला तर "ताई, दोन दिवसांत माणसं पाठवतो". ते दोन दिवस काही उगवले नाहीत.

आता साहेब परत आलेत आणि थेट टाइल लावायचं म्हणतायत. त्यासाठी पुढचा हप्ता आधी हवा. आम्ही एकूण रकमेच्या ७० टक्के देऊन बसलोय (हो, माहितीये, ओरडू नका). दरम्यान खोल बाजूच्या भिंतीवर एक उभी चीर दिसतेय, नख जेमतेम अडकेल इतकी. तिच्यापासून हातभर अंतरावर दोन ठिकाणी गंजाचे तपकिरी ओघळ आलेत. विचारलं तर म्हणाले, "ते सगळं वॉटरप्रूफिंगमध्ये झाकलं जातं."

झाकलं जातं हा शब्द ऐकल्यापासून मला झोप नाही. पैसे थांबवू का? दुसरा माणूस आणू का? नेमकं कुठून सुरुवात करू?

सडेतोड

एक छदामही देऊ नका. ७० टक्के घेऊन सात आठवडे गायब होणारा माणूस उरलेले ३० घेऊन कायमचा जाईल. सरळ नोटीस पाठवा.

काँक्रीटकाका

नोटीस थोडी थांबू दे. चिमणीताई, मी स्ट्रक्चरलवाला आहे, पाण्याच्या टाक्यांची कामं बरीच केलीत. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला एकच वाक्य सांगा: टाइलच्या आधी पाणी भरायचं. वॉटरप्रूफिंगचा थर आणि टाइल चढल्या की गळती शोधणं म्हणजे भिंतीआडचा उंदीर शोधणं, आवाज एकीकडे आणि बीळ दुसरीकडे.

पाइपांची सगळी तोंडं बूच मारून बंद करा, म्हणजे टाकीचा (पुलाच्या काँक्रीटच्या सांगाड्याचा) हिशेब वेगळा आणि पाइपांचा वेगळा राहील. हळूहळू भरा, एका रात्रीत नाही. तुमच्या मापाच्या पुलात साधारण ४५ घनमीटर पाणी मावतं, म्हणजे ४५ टन वजन. पहिला आठवडा पातळी कितीही उतरली तरी मोजू नका, कोरडं काँक्रीट पाणी पितं. त्यानंतर एका पायरीवर बादली ठेवा, तळाशी वीट टाका म्हणजे तरंगणार नाही, आणि आतलं पाणी बाहेरच्या पातळीइतकंच भरा. दोन्हीकडे खूण करा आणि २४ तासांनी बघा. बादलीत उतरलं ते ऊन-वाऱ्याने गेलं. पुलात त्याहून जास्त उतरलं तर ती गळती. असं निदान चार-पाच दिवस रोज करा, तेही त्याच्या माणसासमोर, आणि आकड्यांखाली दोघांच्या सह्या घ्या. सह्या फार महत्त्वाच्या.

चिरेबद्दल फोटो न बघता छातीठोक बोलणार नाही. काँक्रीट वाळताना आकसतं, त्याने केसासारख्या चिरा येतात आणि त्या बहुतेक वेळा वरवरच्या असतात. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्याभरात चीर रेघ ओलांडून पुढे गेली, रुंद झाली किंवा तिची एक बाजू दुसरीपेक्षा पुढे आली, तर प्रकरण गंभीर.

मला चिरेपेक्षा ते ओघळ खुपतायत. गंज वर आला म्हणजे बांधणीची तार किंवा सळी पृष्ठभागाच्या फार जवळ आहे. ओतण्याआधीचे फोटो आहेत का? सळ्यांच्या जाळीखाली कव्हर ब्लॉक (सळी कडेपासून आत राहावी म्हणून ठेवतात ते ठोकळे) होते का?

परसातली_चिमणी

काका, तुमचं वाचून जुने फोटो उघडले आणि पोटात गोळाच आला. तळाच्या जाळीखाली काही ठिकाणी विटांचे तुकडे आहेत. एका कोपऱ्यात तर जाळी चक्क मातीवर टेकलीय आणि तिच्यावर कुणाची तरी चप्पल वाळत ठेवलीय. भिंतीकडे गोल प्लास्टिकचे ब्लॉक दिसतायत, पण मोजकेच.

करार म्हणाल तर एक पानी कोटेशन आहे. "पूल पूर्ण, फिल्ट्रेशनसह" आणि खाली रक्कम.

काँक्रीटकाका

विटेचा तुकडा पाणी शोषतो आणि ते थेट सळीला नेऊन देतो. मातीला लागून ओतलेल्या काँक्रीटमध्ये सळीवर साधारण ७५ मिलिमीटर आवरण धरतात, आणि तुमच्या त्या कोपऱ्यात ते शून्य आहे. घाबरू नका, पण तुमचा स्वतःचा इंजिनिअर आणा. कॉन्ट्रॅक्टरच्या ओळखीतला नको. सळी किती आत आहे ते सांगणारं यंत्र येतं, तोडफोड न करता कळतं. शंका उरलीच तर काँक्रीटचा गोल गाभा कापून मजबुती बघायला दाब-चाचणीला पाठवतात. ती पुढची पायरी, लगेच उडी मारू नका.

आणि पाणीचाचणी संपली म्हणून पूल लगेच रिकामा करू नका. भरलेल्या पुलाला आतलं पाणी दाबून धरतं. रिकामा असताना पावसाने जमिनीतलं पाणी वर आलं तर अख्खी टाकी होडीसारखी उचलली जाते. तळाच्या ड्रेनमध्ये दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवलाय का, ते विचारा.

खड्डाधारक

माझं नाव बघून कळलंच असेल. मीही तुमच्यासारखाच वैतागलो आणि भर उन्हात पहिल्या कॉन्ट्रॅक्टरला गेटबाहेर काढलं. फार मर्दुमकी वाटली. मग पाच जणांना बोलावलं. तिघे आले, खड्ड्यात डोकावले, चहा प्यायले आणि परत फोन केला नाही. चौथा म्हणाला, करतो, पण टाकी दुसऱ्याची आहे, गळतीची हमी देणार नाही. पाचवा म्हणाला, सगळं फोडून नव्याने.

शेवटी चौथ्याकडूनच केलं. आज पूल गळतो आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. पहिला म्हणतो माझ्या टाकीला नंतरच्याने भोकं पाडली, दुसरा म्हणतो टाकी मुळातच सदोष. ज्या दिवशी काम बदललं त्या दिवशीच्या स्थितीचा एकही कागद माझ्याकडे नाही.

म्हणून सांगतो, काढायचाच असेल तर आधी तिऱ्हाइताकडून झालेल्या कामाचं मोजमाप आणि दोषांची यादी करून घ्या. जमत असेल तर त्याच माणसाकडून टाकी पाणी धरते हे सिद्ध करून घ्या, मगच हात जोडा.

एक_ठेकेदार

बोलू का? मीही याच धंद्यात आहे, दगड मारायचे तर मारा.

सात आठवडे गायब होणं चूकच. पण बऱ्याचदा त्यामागे चोरीपेक्षा ओढाताण असते. एका साइटचे पैसे दुसऱ्या साइटच्या मजुरीत जातात, मग ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे माणसं जातात. हे समर्थन नाही, कसं चालतं ते सांगतोय. म्हणूनच त्याला टाइलसाठी मोठा हप्ता आधी देऊ नका, तो तुमच्या टाइलवर खर्च होईलच असं नाही. टाइल, चिकटवायचा मसाला आणि पंप-फिल्टर तुम्ही थेट दुकानातून घ्या, बिल तुमच्या नावावर. त्याला फक्त मजुरी, तीही झालेल्या कामाची, आठवड्याच्या आठवड्याला. खरंच काम करायचं असेल तर तो तयार होईल.

एक खरं सांगा ताई, मधे तुमच्याकडून काही बदल झाला होता का? नऊ महिने निव्वळ एका बाजूने होत नाहीत.

परसातली_चिमणी

झाला होता. 🙈 पायऱ्या सरळ होत्या, त्या आम्ही कोपऱ्यात गोल करायला सांगितल्या, आणि बसायला एक कट्टा वाढवला. त्याचे जास्तीचे पैसे तो तोंडी मागत होता, आम्ही "शेवटी बघू" म्हणालो.

एक_ठेकेदार

बघा, तिथेच मन उडालं असणार. तुमच्या हिशेबी तुम्ही ७० टक्के दिलेत, त्याच्या हिशेबी वाढीव काम धरून कमी. आधी दोघांचा आकडा एका कागदावर आणा. पायऱ्यांचं जे काही वाजवी होईल ते मान्य करून टाका. त्या बदल्यात पाणीचाचणी आणि दुरुस्ती त्याच्या खर्चाने. दोष त्याचा आहे, तिथे एक पैसाही सोडू नका.

सडेतोड

म्हणजे चोराला वर बक्षीस?

एक_ठेकेदार

करून घेतलेल्या कामाचे पैसे देणं म्हणजे बक्षीस नव्हे हो.

पान्हेवाला

सगळे टाकीवर बोलतायत, पाइपांचं काय? खंदक बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट झाली होती का? झाली नसेल तर आताही होते. एक तोंड बंद करायचं, दुसऱ्याला गेज लावायचा, पाण्याने दाब चढवायचा आणि रात्रभर सोडायचं. सकाळी काटा जागेवर असेल तर लाइन ठीक. हवेने करू म्हणाला तर नको म्हणा, हवेच्या दाबाने पीव्हीसी फुटलं तर तुकडे उडतात. प्रत्येक लाइन वेगळी तपासा, सगळ्या एकत्र केल्या तर कुठली गळतेय कळणार नाही.

आणि तळाला ड्रेन किती आहेत? एकच असेल तर आताच बोला. पंपाच्या ओढीने केस किंवा लहान मुलाचं अंग जाळीवर चिकटून बसू शकतं. दोन ड्रेन हवेत, एकमेकांपासून निदान मीटरभर लांब, एकाच लाइनला जोडलेले आणि अडकू न देणाऱ्या झाकणांचे. एक झाकला गेला तरी दुसरा ओढत राहतो.

दिवे १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मरमधून. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). सळ्यांची जाळी, शिडी, पंपाची बॉडी हे सगळं तांब्याच्या तारेने एकमेकांशी जोडलंय का, हेही विचारा. वायरमन "काही होत नाही" म्हणाला तर वायरमन बदला.

तटस्थ

वकील आहे, पण हा वकिली सल्ला समजू नका. फोनवरचं बोलणं झालं की त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज टाकायची सवय लावा: "आज ठरल्याप्रमाणे अमुक तारखेला माणसं येतील." त्याने उत्तर दिलं नाही तरी नोंद राहते.

पहिलं पत्र शिव्याशाप न घालता लिहा. दोषांची यादी, फोटो, काय करायचं, किती दिवसांत, आणि तोवर कुठला हप्ता का थांबवलाय एवढंच. "फसवणूक" हा शब्द टाळा. तो लिहिला की समोरचा कामाचं बोलायचं सोडून बचावाच्या पवित्र्यात जातो. सामंजस्याने ठरलं तर दोन पानांचा पूरक करार करा: टप्पे, प्रत्येक टप्प्याचे पैसे काम तपासल्यानंतर, आणि १० टक्के रक्कम पूल भरून काही महिने नीट चालेपर्यंत राखून. प्लंबर आणि मजुरांचे पैसे चुकते झाल्याचंही लिहून घ्या, नाहीतर उद्या तेच तुमच्या दारात उभे.

परसातली_चिमणी (पाच आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय, कारण अनेकांनी विपूमध्ये (माझ्या विचारपूस-पानावर) विचारलं.

इंजिनिअर बाई आल्या. त्यांना बघून कॉन्ट्रॅक्टर आधी फुगला, पण पायऱ्यांचा हिशेब आम्हीच पहिल्यांदा काढला तेव्हा जरा नरमला. एक_ठेकेदार, तुमचा अंदाज बरोबर निघाला, त्याची गाडी तिथेच अडली होती. पाणी त्याच्याच माणसांनी भरलं.

आठवडा सोडून मोजायला घेतलं. पहिल्या दिवशी बादलीत ५ मिलिमीटर उतरलं, पुलात १९. म्हणजे १४ मिलिमीटरची गळती. काका, तुमच्या पद्धतीने हिशेब केला: ३२ चौरस मीटरवर १४ मिलिमीटर म्हणजे दिवसाला जवळजवळ ४५० लिटर. मी चिरेकडे संशयाने बघत होते आणि चीर हूं की चूं करत नव्हती, पेन्सिलीच्या रेघा जशाच्या तशा.

मग एक गंमत झाली. पातळी रोज उतरत उतरत एका जागी थांबली, त्यानंतर पूल आणि बादली बरोबरीने उतरायला लागले. थांबली ती जागा म्हणजे दिव्याच्या डब्यातून वायरचा पाइप निघतो ती. पुन्हा वरपर्यंत भरून इंजिनिअर बाईंनी तिथे सिरिंजने थोडा रंग सोडला. पाणी अगदी स्थिर होतं. रंगाचा धागा क्षणभर तरंगला आणि मग सरळ पाइपाच्या कडेच्या फटीत ओढला गेला, शेवया ओढाव्यात तसा. कॉन्ट्रॅक्टर शेजारीच उकिडवा बसून बघत होता. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हे माझ्याकडून राहिलं."

दिव्याभोवतीचं खोदून नीट भरलं, परत चाचणी झाली, आता पूल आणि बादली सारखे. ओघळांच्या जागी बांधणीच्या तारेची टोकं निघाली, ती खोलवर कापून बुजवली. कोपऱ्यात मात्र यंत्राने वाईटच बातमी दिली. तेवढा तळाचा भाग फोडून परत करायचाय, त्याच्या खर्चाने, आणि तसं लेखी आहे. जमिनीतलं पाणी किती वर आहे ते शेजारी खड्डा घेऊन बघितल्यावरच पूल उपसणार. ड्रेन एकच होता, पान्हेवाला, दुसरा त्याच फोडाफोडीत बसवून घेतोय. प्रेशर टेस्टला एक रिटर्न लाइन (पाणी पुलात परत आणणारा पाइप) नापास झाली. खंदक परत उघडलाय आणि अंगणाकडे बघवत नाही.

पायऱ्यांच्या पैशांवरून अजून घासाघीस चालूच आहे. तो म्हणतो गोलाईची मजुरी दुप्पट, मी म्हणते दीडपट. ती गोलाई जरा लंबगोल झालीय, हे मी अजून बोलले नाहीये.

खड्डाधारक

बोलायच्या आधी मोजून ठेवा. आणि फोटो.