मदत हवी आहे: बडोद्यात सेकंडहँड ई-क्लास बघतोय, पुरात बुडालेली नाही हे कसं ओळखायचं?

वाघोडियारोड_बडोदा

नमस्कार मंडळी. जर्मन गाड्या वर्षानुवर्षं सांभाळणारे इथे बरेच जण आहात, म्हणून हा धागा काढते आहे.

घरासाठी २०१९ ची मर्सिडीज ई २२०डी बघून आलो. पांढरी, जीजे ०६ पासिंग, एकाच मालकाची असं डीलर सांगतो. लाँग व्हीलबेसवाली आहे, मागची सीट मस्त रेलते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना पाय लांब करून बसता आलं आणि पुण्यापर्यंतचा प्रवास सोसला म्हणजे मिळवलं, म्हणून ही गाडी मनात भरली. चालवायलाही सुरेख वाटली.

शंका आली ती भावामुळे. अशाच गाड्या इतरांकडे ज्या बोलीत आहेत त्यापेक्षा हा साडेतीन लाखांनी कमी सांगतोय. ऑगस्ट २०२४ मध्ये गाडी कुठे उभी होती, असं विचारलं तर "मालक बाहेरगावी होते" एवढंच उत्तर. मालक असतील बाहेरगावी, गाडीचं काय? विश्वामित्री नदी तेव्हा ३५ फुटांच्या वर गेली होती. समा, फतेहगंज, सयाजीगंज, अकोटा, सगळीकडे पाणी. बेसमेंटमध्ये राहिलेल्या गाड्यांची काय दशा झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

गाडी आतून चकाचक आहे. मॅट नवीन, सीट पॉलिश केलेल्या आणि आत बसल्याबरोबर परफ्यूमचा जबरदस्त वास. आमच्याकडे आजवर होंडा सिटीच होती, त्यामुळे या वर्गातल्या गाडीत नेमकं काय तपासायचं ते माहीत नाही. कृपया सांगा.

दांडियाबाजारकर

ताई, आधी टोकन देऊ नका. बाकीचं आपण निवांत बघू.

माझी बीएमडब्ल्यू ५२०डी आहे. पुरानंतर ओळखीतल्यांसाठी अशा बऱ्याच गाड्या बघितल्या, त्यावरून सांगतो. परफ्यूम, मॅट, पॉलिश यांच्याकडे लक्षच देऊ नका, धुणारे लोक तेवढंच धुतात. पुढच्या सीटचा पट्टा धरा आणि रीळ संपेपर्यंत सावकाश बाहेर ओढा. शेवटचा वीतभर भाग रोजच्या वापरात कधी बाहेर येत नाही. एका ऑडीत त्या भागावर आडवी मातकट रेघ होती. नखाने खरवडल्यावर बारीक गाळ निघाला. गाडी दिसायला शोरूममधून आणल्यासारखी होती.

मग सीट पूर्ण पुढे घेऊन खाली टॉर्च मारा. सीटच्या रुळांवरचे बोल्ट गंजलेत का, त्यांच्या डोक्यांवर पाना लागल्याच्या ताज्या खुणा आहेत का, ते बघा. एवढ्या वर्षांत ज्या गाडीच्या सीट काढायची वेळच यायला नको, तिच्या सीट कोणी काढल्या असतील तर का काढल्या, हे विचारायलाच हवं. तिथेच एअरबॅगच्या वायरींचे पिवळे कनेक्टर असतात, त्यांच्या पिनांवर हिरवट थर बघा.

दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी सोडवून गालिचा उचलायला लावा. डीलर तयार नसेल तर तिथूनच नमस्कार करून निघा. या गाड्यांमध्ये गालिच्याखाली जाड फोम असतो, तो वरून कोरडा लागला तरी आत ओल धरून ठेवतो. हात दाबून बघा. डिकीतला तळही उघडा. माझ्या गाडीची बॅटरी डिकीत आहे. प्रत्येक कंपनीत वायरिंग आणि मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे डबे) वेगवेगळ्या जागी असतात, पण बहुतेक खालच्या बाजूलाच. म्हणून तर गुडघाभर पाण्यातही या गाड्यांचं एवढं नुकसान होतं.

वासासाठी काचा बंद करा, हीटर पूर्ण ठेवा, हवा आतल्या आत फिरती ठेवा आणि थोडा वेळ बसा. कुबट वास परफ्यूमखालून वर येतोच.

राजवाडा_इंदूर

दादांनी गाडीचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो.

डीलरकडून दोन विमा पॉलिसी मागा: ऑगस्ट २०२४ मध्ये चालू असलेली आणि तिच्यानंतरची. दोन्हींवर नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सुटीचा, आकडा असतो. क्लेम न केलेल्या वर्षांनुसार तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढतो. २०१९ ची गाडी, एकच मालक, क्लेम कधीच नाही, तर २०२४ पर्यंत तो वर पोचलेला असायला हवा. आधी ४५ किंवा ५० आणि पुढच्या पॉलिसीत एकदम शून्य, म्हणजे मधे क्लेम झालाय. क्लेम बंपरचाही असू शकतो, म्हणून विमा कंपनीकडून क्लेमचं कारण लेखी मागवा. बोनस टिकवणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर आकडा खाली येत नाही, तेव्हा नुसत्या आकड्यावर निश्चिंत राहू नका.

दुसरं, एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून ओनर सीरियल, म्हणजे आत्ताचा मालक कितवा, ते बघा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरतात. अशी गाडी सॅल्व्हेजच्या, म्हणजे नुकसान झालेल्या गाड्यांच्या, लिलावात जाते, कोणीतरी ती उभी करतो आणि पुन्हा बाजारात आणतो. डीलर एकच मालक म्हणतोय आणि ॲपवर दोन दिसले तर पुढे बोलायचं कारण नाही. चॅसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरीही मालकाच्या संमतीने मागता येते. त्यात २०२४ च्या पावसाळ्यापासून पुढे काही महिने गाडी गायब असेल तर ती गॅप लक्षात ठेवा.

लष्कर_ग्वाल्हेर

मी थोडं वेगळं मत मांडतो. पुराचं पाणी लागलेली प्रत्येक गाडी भंगार नसते. चाकं बुडाली, पण पाणी उंबऱ्याच्या आत आलं नाही, तर ब्रेक, बेअरिंग आणि ऑइल तपासून गाडी वर्षानुवर्षं चालते. माझ्या भावाची सी-क्लास अशीच आहे, अधिकृत वर्कशॉपची बिलं फाइलमध्ये लावलेली आहेत. विकणारा सरळ सांगत असेल आणि बिलं दाखवत असेल तर भाव पाडून घेता येते.

दांडियाबाजारकर

भाऊ, उंबऱ्याच्या खाली पाणी राहिलं तर तुमचं म्हणणं मान्य. आत आलं असेल तर मी फुकट दिली तरी घेणार नाही. तांब्याच्या पिनांना गंज हळूहळू चढतो. आज सगळं चालतं, सहा महिन्यांनी मागची काच उतरत नाही, मग सीट हलत नाही, मग एक दिवस डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि विझत नाही. एकेक मॉड्यूल बदलत बसायचं, आणि या गाड्यांची मॉड्यूल काय भावाला पडतात ते तुम्हाला सांगायला नको. आणि ताईंच्या डीलरने तर पाण्याचं नावही काढलेलं नाही.

वाघोडियारोड_बडोदा

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! खूप खूप आभार.

आत्ताच एमपरिवहन बघितलं, ओनर सीरियल एकच आहे. तेवढ्याने जिवात जीव आला. पॉलिसी मागितल्या आहेत, डीलर म्हणाला उद्या पाठवतो. एक विचारायचं राहिलं: गाडी चांगली निघाली आणि घेतली, तर पुढच्या पावसाळ्यासाठी विम्यात काय घालून घ्यावं? आमची सोसायटी वाघोडिया रोडला आहे, पार्किंग मात्र बेसमेंटमध्ये.

राजवाडा_इंदूर

इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घ्याच. पाणी हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये गेलं आणि कोणी स्टार्ट मारला, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा नाकारतात. गाडीचं वय वाढलं की काही कंपन्या हे ॲड-ऑन देत नाहीत, म्हणून व्यवहाराआधीच कोटेशन मागवा. आणि गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर बटण दाबायचंच नाही, टो करून न्यायची. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

बेसमेंटबद्दल: जोराच्या पावसाचा इशारा आला की रात्रीच गाडी उंचावर नेऊन लावा.

दांडियाबाजारकर

ताई, शनिवारी सकाळी मी मोकळा आहे, गाडी बघायला बरोबर येतो. ओळखीच्या एका मुलाकडे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा मर्सिडीजचा झेंट्री स्कॅनर आहे, त्यालाही घेऊन येतो. डीलरला एवढंच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, थंड इंजिन ऐकायचंय. मग भरूचकडच्या एक्सप्रेसवेवर चांगली फिरवून आणू आणि त्यानंतर स्कॅन करू. आधी स्कॅन केला तर उपयोग नाही, फॉल्ट कोड आदल्या दिवशी पुसलेले असू शकतात. गाडी फिरली की खरे कोड परत येतात.

वाघोडियारोड_बडोदा

दादा, फारच मोठी मदत होईल. शनिवारी साडेनऊला चालेल का? तुम्हाला मेसेज करून पत्ता पाठवते. पॉलिसी आल्या की इथेही बोनसचे आकडे टाकते, इंदूरच्या काकांनी एकदा नजर टाकावी.