शब्दचर्चा: पर्मिअन्सला ‘पारगम्यता’ म्हणावं का?

प्रश्न: नॅनोशीटच्या (नॅनोमीटरभर जाडीच्या पापुद्र्यांच्या) वायू वेगळे करणाऱ्या पटलांविषयी मराठीत लिहिताना पर्मिअबिलिटी आणि पर्मिअन्स या दोन्हींसाठी ‘पारगम्यता’ वापरली तर चालेल का?

उत्तर: नाही. पारगम्यता, म्हणजे पर्मिअबिलिटी, हा पदार्थाचा गुण: वायू त्यातून किती सहज जातो; एकक बॅरर. पर्मिअन्स हा हातातल्या पटलाचा, एकक जीपीयू (गॅस पर्मिएशन युनिट); त्यात जाडी आधीच मुरलेली असते. १ बॅररच्या पदार्थाचा १ मायक्रॉनचा थर १ जीपीयू देतो, २० नॅनोमीटरचा ५० जीपीयू. पदार्थ तोच! नॅनोशीट वापरायची ती याच पातळपणासाठी. दोन्हींना एकच शब्द लावला, तर यश पदार्थाचं की पातळ थराचं, हे वाचकाला कसं कळणार?

दुसरं मत: मग ‘पारगमन दर’ म्हणू या.

उत्तर: तो फ्लक्ससाठी, म्हणजे पटलाच्या ठरावीक क्षेत्रातून ठरावीक वेळात जाणाऱ्या वायूसाठी, राखून ठेवावा. फ्लक्सला दोन्ही बाजूंच्या आंशिक दाबांतल्या फरकाने भागलं की पर्मिअन्स मिळतो. मी सरळ ‘पर्मिअन्स’च लिहितो आणि आकड्यापुढे एकक कधीच गाळत नाही.

पुरवणी: ‘थरांतर’ हा शब्दही असाच फसवतो. ग्राफीन ऑक्साइडचं (ऑक्सिजनयुक्त गट जोडलेल्या कार्बनच्या शीटचं) क्ष-किरण विवर्तन, म्हणजे थरांमधलं अंतर मोजायची चाचणी, तांब्याच्या क्ष-किरण नळीवर घेतलं आणि शिखर ११ अंशांजवळ आलं, तर थरांतर साधारण ०.८० नॅनोमीटर. पण हे एका शीटच्या मध्यापासून पुढच्या शीटच्या मध्यापर्यंतचं अंतर झालं. कार्बनच्या थराची सुमारे ०.३४ नॅनोमीटर जाडी वजा केल्यावर उरते ती मोकळी ‘फट’, जेमतेम ०.४६. रेणूंचे व्यास हायड्रोजन ०.२८९, कार्बन डायऑक्साइड ०.३३ आणि मिथेन ०.३८ नॅनोमीटर; त्यांची तुलना करायची ती फटीशी. ऑक्सिजनयुक्त गट ही फट आणखी अडवतात, आणि दमट हवेत शीटमध्ये पाणी शिरून थरांतर वाढतं. म्हणून विवर्तन आणि वायूची चाचणी सारख्याच कोरडेपणात घ्यावी.

प्रश्न: आणि ‘छिद्र’?

उत्तर: मुद्दाम राखलेल्या वाटेला छिद्र, नको असलेल्या भोकाला ‘दोष’. सोनिकेशन (शीट सुट्या करायला दिलेला ध्वनिलहरींचा मारा) जास्त झालं की शीटचे तुकडे पडतात, कडा वाढतात, थर नीट एकावर एक बसत नाहीत आणि दोष राहतात. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडची निवडकता (दोन्हींच्या पर्मिअन्सचं गुणोत्तर) ४.७ च्या आसपास अडकली, तर आधी दोषांचाच संशय घ्यावा: दोन्हींच्या रेणुभारांचं, ४४ भागिले २ चं, वर्गमूळ तेवढंच येतं, म्हणजे आकारानुसार चाळण होतच नाही, नुसतं नुडसेन विसरण (रेणू भिंतींवर आपटत जातात, हलका तो जलद) चाललंय. अशा भोकांवर सिलिकोन रबराचा पातळ लेप देतात. पर्मिअन्स थोडा उतरतो, निवडकता सावरते.

पुरवणी: निवडकतेपुढे ‘एकवायू’ की ‘मिश्रवायू’ तेही लिहा. मिश्रणात कार्बन डायऑक्साइड फटीत चिकटून हायड्रोजनची वाट अडवू शकतो, आणि दोन आकडे जुळत नाहीत.