डेक्कन-शिवाजीनगरचे जुने बार गेले : हळहळण्यासारखं खरंच काही होतं का?

जुना_नळस्टॉपकर

इराणी बंद झालं की पेपरात लेख येतात, जुनं थेटर पाडलं की लोक स्टेटस टाकतात, पण बार बंद झाला की शेजारचे पेढे वाटतात. डेक्कन, आपटे रोड, कर्वे रोड, शिवाजीनगर ह्या पट्ट्यातली साधी परमिट रूम्स गेल्या वीसेक वर्षांत एकेक करून गेली, कुठे मोबाईलचं दुकान आलं, कुठे डायग्नोस्टिक सेंटर, कुठे आख्खी बिल्डिंगच रिडेव्हलपमेंटला, आणि ह्या विद्येच्या माहेरघरात कुणी हूं की चूं केलं नाही. म्हणून म्हटलं आपणच धागा काढू.

मी ९५ ते ९९ सीओईपी इंजिनीअरिंग कॉलेजला. तेव्हा दोन जातीचे बार होते. एक कॅम्पातले पब, ईस्ट स्ट्रीटचं थाउजंड ओक्स, नंतर टेन डाउनिंग स्ट्रीट वगैरे, तिथे पायात शूज लागायचे आणि खिशात पाकीट, आमच्याकडे फ्लोटर्स होते आणि महिनाअखेर होती. दुसरे म्हणजे शेट्टींचे. बाहेर काळ्या काचेचा दरवाजा, आत गेलं की पहिली दोन मिनिटं काहीच दिसायचं नाही, मग हळूहळू लाल रेक्झिनचे सोफे दिसायला लागायचे, फिशटँक, आरशांची भिंत, गल्ल्यावर उदबत्ती आणि बालाजी. बसल्या बसल्या वाटीभर शेंगदाणे आणि काकडीचे काप फुकट, आणि संपले की मागितल्यावर परत. रिकाम्या बाटल्या वेटर उचलायचा नाही, टेबलाखाली भिंतीशी ओळीने लावून ठेवायचा, म्हणजे बिलाच्या वेळी त्यालाही भांडायला नको आणि आपल्यालाही. टीटीएमएमचा हिशोब त्या बाटल्या बघूनच व्हायचा.

२२ एप्रिल १९९८ ला शारजात सचिनने १४३ मारले ते आम्ही अशाच एका बारच्या कोपऱ्यातल्या पोर्टेबल टीव्हीवर बघितले, आख्खा बार उभा, मॅच हरलो तरी फायनलला गेलो म्हणून शेट्टीने सगळ्यांना मसाला पापड फिरवला. सबमिशन तोंडावर होतं ते वेगळंच.

मुद्दा काय, तर एक बिअर चौघांत घेऊन तीन तास बसता यायचं आणि कुणी उठवायचं नाही. आता बाणेर-बालेवाडीच्या ब्रुअरीत जा, टेबलाला दोन तासाचं बुकिंग, समोरच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि बिल बघून आईवडील आठवतात. विद्यार्थ्यांच्या शहरात विद्यार्थ्यांना बसायला जागा नाही. असो. तुमच्या आठवणी येऊ द्या.

मुक्ता_८१

"विद्यार्थ्यांना" नका लिहू, "मुलांना" लिहा.

मी पण तिथलीच, फर्ग्युसन, तुमच्यापेक्षा दोनतीन वर्षं मागे. ह्या काळ्या काचेच्या दरवाज्यांसमोरून चार वर्षं चालत गेलेय, आत फिशटँक असतो हे आज तुमच्याकडून कळलं. होस्टेलचं गेट रात्री लवकर बंद व्हायचं हे तर आहेच, पण दिवसाउजेडीही आत जायची सोय नव्हती. एकदा वाढदिवसाला आम्ही चौघी हिंमत करून गेलो, तर वेटरने दारातच थांबवलं, वर फॅमिली रूम आहे तिकडे बसा म्हणाला. वर गेलो, पडदे लावलेली केबिनं, एसी बंद, रेट खालच्यापेक्षा जास्त. तरी बसलो. मग तो पॅड घेऊन आला आणि विचारतो, "जेन्ट्स मागून येणारेत का?" नाही म्हटल्यावर बिअर संपलीय म्हणाला. खालून बाटल्यांचे आवाज येत होते! चार फ्रेश लाइम सोडा पिऊन बाहेर.

पुण्यात पहिल्यांदा निवांत बसून बिअर प्यायले ती नोकरी लागल्यावर, २००९ मध्ये कोरिंथियन्स क्लबला डूलाली ब्रुअरी सुरू झाली तेव्हा. महाग होतं, लांब होतं, पण आम्ही तिघीच गेलो आणि एकानेही मान वळवून बघितलं नाही. त्यामुळे सॉरी, तुमचे शेट्टी गेले ह्याचं मला शष्प वाटत नाही.

जुना_नळस्टॉपकर

मुक्ताताई, हा बारचा दोष की तेव्हाच्या शहराचा? तेव्हा पानटपरीवर तरी मुली उभ्या राहायच्या का? आणि आज जी मोकळीक आहे ती फक्त हजार दोन हजार खिशात असलेल्यांना आहे, हे पण बघा ना. एफवायच्या मुलीला आज तरी कुठे परवडतंय डूलाली.

मुक्ता_८१

एफवायच्या मुलीला तेव्हा शेट्टीकडे परवडत होतं, तरी मिळत नव्हतं. हा फरक आहे. शहराचा दोष म्हणताय तर मग गोडवे पण शहराचेच गा, बारचे कशाला?

कायद्याचं_बोला

वातावरण खराब करतोय, पण ९५ ला सीओईपीला म्हणजे तुम्ही १८ चे. महाराष्ट्रात बिअर-वाइनला वय २१ आणि हार्ड लिकरला २५. आजही. वर पिण्याचा परवाना लागतो तो वेगळाच, दारूबंदी कायदा १९४९ चा, अजून जिवंत आहे, म्हणून तर त्या खोलीला परमिट रूम म्हणतात. एक दिवसाचा परवाना पाच रुपयाला, आजीवन हजारला. तुमच्यापैकी किती जणांकडे होता? म्हणजे सगळा नॉस्टॅल्जिया बेकायदेशीर :)

हसण्यावारी नेऊ नका पण. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला काय झालं विसरलात का, १७ वर्षांचा मुलगा बारमधून निघून पोर्शे घेऊन रस्त्यावर आला आणि दोन तरुण इंजिनीअर जागेवर गेले. तेव्हा सगळं पुणं ओरडत होतं की वय न बघता दारू दिलीच कशी. आणि इथे आपण वय न बघणाऱ्या शेट्टीला मसाला पापडासाठी मानाचा मुजरा करतोय.

फिल्म्या

@कायद्याचं_बोला तुलना चुकतेय राव. आमच्याकडे सायकली होत्या. लूना असलेला श्रीमंत.

मी फिल्म इन्स्टिट्यूटचा, लॉ कॉलेज रोड, त्यामुळे ह्या विषयात अधिकारवाणीने बोलतो. जुन्या बारमध्ये एक गोष्ट होती जी आता पैसे देऊनही मिळत नाही, ती म्हणजे वेटर तुम्हाला ओळखायचा. आमच्या नेहमीच्या ठिकाणी एक मामा होते, कुंदापूरकडचे, तिसऱ्या पेगनंतर ऑर्डर दिली की ऐकू न आल्यासारखं करायचे. परत बोलावलं की राइस प्लेट आणून ठेवायचे, मागितलेली नसताना. खा आणि निघा. उधारीची वही होती, पण वहीत दारू नाही लिहायची, फक्त जेवण. हा नियम शेट्टीचा. आमची एक आख्खी बॅच त्या वहीवर जगलीय, आणि आता त्यातले काही जण मोठी नावं आहेत म्हणून गप्प बसतो.

रच्याकने, एफसी रोडच्या अपाचेचं नाव अजून कुणी घेतलं नाही? रॉक ऐकायला पोरं लांबून यायची तिकडे.

गच्चीवरून

आम्ही कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत १९७८ पासून. तुमच्या त्या उबदार आठवणी रोज रात्री आमच्या कंपाउंडला लघवी करून जायच्या. माझ्या आईने फाटकाला देवाच्या टाइल्स लावून घेतल्या होत्या, तर टाइल्स सोडून उरलेल्या दोन फुटांत. पेढे मीच वाटले. चितळ्यांचे.

फिल्म्या

:D :D काका _/\_

गल्ल्यावरचा

वाचत होतो, लिहायचं नव्हतं, पण शेट्टी शेट्टी चाललंय म्हणून लिहितो. माझ्या वडिलांचं परमिट रूम होतं, भाग सांगत नाही, तुमच्यातले दोघंतिघं तरी येऊन गेले असतील. आडनाव तुम्ही म्हणताय तेच. जन्म पुण्याचा, शाळा मराठी.

पहिलं म्हणजे चौघांत एक बिअर आणि तीन तास, हे तुम्हाला गोड वाटतं, पप्पांना नाही वाटायचं. चालवून घ्यायचे कारण दुपारी टेबलं रिकामीच असायची आणि धंदा खरा व्हायचा रात्री नऊनंतर, ऑफिसवाले, कॉन्ट्रॅक्टर, वकील, ते क्वार्टर आणि तंदुरीवाले लोक. तुमचे शेंगदाणे त्यांच्या बिलातून निघायचे. शिवाय जागा जुन्या भाड्याची होती. हे दोन टेकू गेले की संपलं.

गेले कसे ते पण सांगतो. ऑफिसवाला आयटीत गेला आणि हिंजवडी-बाणेरकडे राहायला गेला, डेक्कनला यायचं तर पार्किंग कुठे? एफसी, जेएम वनवे आहेतच, एक चुकलं की आख्खा फेरा. मालकाची पुढची पिढी आली, त्यांना जुनं भाडं नको, बिल्डर पाहिजे, आणि नव्या बिल्डिंगमध्ये सोसायटीला खाली बार नको. आमच्या काकांचं बोपोडीकडे होतं, जुन्या मुंबई हायवेवर, ते १ एप्रिल २०१७ ला, हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारू नको ह्या सुप्रीम कोर्टाच्या ऑर्डरने बंद झालं. जुलैत कोर्टाने महापालिका हद्दीला सूट दिली, पण तोपर्यंत कुक गावाला, वेटर दुसरीकडे, गिऱ्हाईकाची सवय मोडलेली. मग कोरोना. मग नोव्हेंबर २०२३ ला परमिट रूमचा व्हॅट पाचाचा दहा टक्के. मग जून २०२५ ला भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरची ड्युटी उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट. १४ जुलैला राज्यभर बारवाल्यांनी बंद पाळला, तुमच्यापैकी किती जणांना कळलं? पेपरात आतल्या पानावर आलं असेल.

गिऱ्हाईक पण सोपा हिशोब करतं. वाइन शॉपमधून क्वार्टर घ्यायची आणि घरी किंवा गाडीत बसायचं. आमच्याकडे तीच क्वार्टर जवळजवळ दुप्पट पडते, वर पापडाचे पैसे.

पप्पांनी २०२१ ला दिलं सोडून. आठवण म्हणून एक वस्तू ठेवली नाही, सोफे भंगारवाल्याला, फिशटँक पुतण्याला. मुक्ताताईंचं वाचून एवढंच सांगतो, मुलींना बसवायचं नाही असा आमच्याकडे नियम नव्हता पण एखाद्या टेबलावरून काही बोललं गेलं आणि राडा झाला तर पोलीस बारवाल्याला पकडतात, लायसन्स आमचं जातं, त्यामुळे वेटर "बिअर संपली" म्हणायचा हे शंभर टक्के खरं असणार.

मुक्ता_८१

@गल्ल्यावरचा हे प्रामाणिक आहे, आवडलं. म्हणजे बोलणार टेबलावरचा, आणि उठायचं आम्ही. बरं.

चंद्रपूरचा_पोट्टा

राजेहो, तुमची चर्चा वाचून मले तर हासूच येऊन राह्यलं. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ पक्की दारूबंदी होती. बायांनी मोर्चे काढले, पायी चालत नागपूरले गेल्या, तवा कुठं झाली. मिळत नव्हती असं नाही, दुप्पट रेटनं मिळे, दुधाच्या कॅनमधून ये. मंग सरकारनं उठवली.

मी एमपीएससीसाठी पुण्यात आलो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एका रूमात पाच जण, मेसचं कूपन सांभाळून वापरायचं. आमच्या रूमवरचा एक जण रोज संध्याकाळी गायब व्हायचा, देशीच्या दुकानात. उभ्यानंच. तिथं सोफा नाही, वही नाही, राइस प्लेट देणारा मामा नाही. त्याचे तीन अटेम्प्ट गेले न मंग वावर विकून बापानं घरी नेलं. तुमच्या ह्या बारच्या आठवणीत तो कुठं बसते भाऊ? तुमचे पोट्टे प्यायले का "कॉलेज लाइफ", आमचे प्यायले का "वाया गेला".

जुना_नळस्टॉपकर

पोट्ट्या, ह्यावर काय बोलणार. पण मी दारूचं कौतुक करत नाहीये, जागेचं करतोय. हाच मुलगा एखाद्या ठिकाणी बसता, कुणी ओळखणारं असतं, तर कदाचित चौथ्या पेगला राइस प्लेट आली असती. उभ्याने पिण्यात आणि बसून पिण्यात फरक असतो असं माझं मत आहे.

चंद्रपूरचा_पोट्टा

बसाले पैसे लागते न जी.

सध्या_टीवायला

इथल्या सगळ्या काकांना नमस्कार. मी आत्ता कॉलेजला आहे म्हणून ग्राउंड रिपोर्ट देतो. बार वगैरे परवडत नाही, जून २०२४ ला एफसी रोडवरच्या पबमधला तो ड्रग्जचा व्हिडिओ व्हायरल झाल्यापासून बरेच ठिकाणी आयडी बघतात, आणि टेकडीवर बसलं तर मॉर्निंग वॉकवाले संध्याकाळी पण असतात. मग उरतो फ्लॅट. फ्लॅटवर बसलं की दहा वाजता वॉचमन, सव्वादहाला चेअरमन, सकाळी मालकाचा फोन. ह्या वर्षात दोन फ्लॅट बदलले. आणि कुणी जास्त घेतली तर थांबवणारं कोणी नसतं हे फिल्म्याकाकांचं बरोबर आहे, एकदा एकाला रिक्षात घालून ससूनला न्यायला लागलं होतं, सगळे टरकलेले.

पण एक विचारायचंय. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये "बॅचलर्सना फ्लॅट देऊ नये" अशी नोटीस आहे, खाली सह्या कमिटीच्या, सगळे पन्नाशीच्या आसपासचे, त्यातले दोघं सीओईपीचेच आहेत कारण गाडीवर स्टिकर आहे. नळस्टॉपकर काका, तुम्ही तुमच्या सोसायटीत कमिटीवर आहात का?

जुना_नळस्टॉपकर

आहे. खजिनदार. आणि आमच्याकडे अशी नोटीस आहे, त्यावर माझी सही पण आहे, कारण चौथ्या मजल्यावरच्या पोरांनी गणपतीत जिन्यात जो प्रकार केला तो तू बघितला असतास तर तूही केली असतीस. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात बाबा.

सध्या_टीवायला

खऱ्या असतील काका, पण मग आम्ही बसायचं कुठे ते पण सांगा.

गच्चीवरून

कंपाउंडपासून लांब.