नियामकाने फक्त दर ठरवायचे, की शाश्वततेचंही बघायचं?

नवा_कारकून: पाणीपुरवठा संस्थेच्या हिशेब विभागात नुकताच लागलोय. दरनिश्चितीच्या प्रस्तावात 'शाश्वतता' नावाचं एक प्रकरण असतं. मागच्या तीन वर्षांची काढून पाहिली तर साल तेवढं बदललेलं, बाकी मजकूर तोच, झाडाचा फोटोसुद्धा तोच. यंदा ते माझ्या गळ्यात पडलंय. नियामक आयोगाला यात खरंच काही करता येतं का?

चष्मेवाला: ते प्रकरण कुणी वाचत नाही, निवांत लिहा. शाश्वतता असते परताव्याच्या तक्त्यात.

मी २१ वर्षं हेच प्रस्ताव केले. नियम असा होता की भांडवली खर्चावर, म्हणजे नव्या बांधकामावर, परतावा (खर्चाच्या वरचा नफा) मिळणार, दुरुस्तीवर झाला तेवढाच खर्च भरून मिळणार. एका वर्षी अभियंत्यांनी जुन्या जलवाहिन्यांची गळती काढायची योजना आणली. त्याच बैठकीत नवीन उपसा केंद्राचीही आली. पाणी दोन्हींतून जवळजवळ सारखंच मिळणार होतं. पण दुरुस्तीवर परतावा शून्य. मंजूर काय झालं ते ओळखा. तुलनेचा तक्ता मीच केला होता, बेरीज अगदी चोख होती.

ही खोड काही आमच्या एकट्याची नव्हे. आवर्च आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच ती मांडून ठेवली आहे: परतावा भांडवलावर बांधला की संस्था गरजेपेक्षा जास्त बांधकाम करते. इंग्लंड आणि वेल्सच्या ऑफवॉट या पाणी नियामकाने २०१४ च्या दरनिश्चितीपासून भांडवली आणि चालू खर्च एकत्र मोजायला घेतला. हेतू हा, की सांधा बदला नाहीतर पंप बसवा, कंपनीला फरक पडू नये. कॅलिफोर्नियाच्या आयोगाने १९८२ मध्ये वीज कंपन्यांचा मंजूर महसूल विक्रीपासून तोडला. त्याआधी ग्राहकाने वीज वाचवली की कंपनीच्या पोटावर यायचं.

झाडं लावा म्हणून दोघांनीही सांगितलं नाही. सूत्र बदललं.

सुनावणीला_हजर: सूत्र कितीही बदला हो, आकडे देणार कोण? संस्थाच ना? २०१९ मध्ये याच ऑफवॉटने सांडपाण्याची माहिती फिरवल्याबद्दल एका कंपनीवर १२ कोटी ६० लाख पौंडांची कारवाई केली. त्यात दंड ३० लाख, उरलेली रक्कम ग्राहकांना बिलात परत. हे मला पटलं. पण संस्था सरकारी असली तर? दंड शेवटी आमच्याच खिशातून. मी दर सुनावणीला हेच विचारतो, आणि दर वेळी 'नोंद घेतली' एवढंच उत्तर मिळतं.

चष्मेवाला: बरोबर आहे तुमचं. सरकारी संस्थेला दंडापेक्षा खर्चाची नामंजुरी झोंबते. आयोगाने ठरावीक मर्यादेपुढची गळती दरात धरायलाच नकार दिला की वरचे साहेब स्वतः जलवाहिन्या बघायला निघतात. मात्र त्यासाठी मोजणी हवी. कारकूनभाऊ, तुमच्या प्रस्तावात गळतीचा आकडा येतो कुठून, ते एकदा बघा.

नवा_कारकून: आजच बघितलं. शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीचं मीटर बंद आहे. आकडा मागच्या वर्षीच्या प्रस्तावातून घेतलाय, आणि मागच्या वर्षीचा त्याच्या मागच्या वर्षीच्या. आता ते प्रकरण मीटरपासूनच सुरू करतोय. साहेब फोटो विचारतील, तर बंद मीटरचाच लावतो.